वीतभर डॉन, हातभर हवा

मोबाईल काढा आणि आजचे स्टेटस एकेक करून बघत चला. कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असणारच. पांढरा शर्ट, काळा गॉगल, गाडीचं दार स्लो मोशनमध्ये उघडतंय, मागं सात-आठ पोरं हात बांधून उभी आणि त्यावर कुठल्यातरी पिक्चरमधला भरदार आवाजातला डायलॉग. ज्याचा वाढदिवस आहे तो बीकॉम सेकंड इयरला आहे. दोन विषय राहिलेत. गाडी मामाची, गॉगल मित्राचा. पण पंधरा सेकंदांपुरती का होईना, भावाची हवा आहे.

या पोराला मी लगेच हसणार नाही. कारण ही पोज त्यानं स्वतः शोधलेली नाही. ती पन्नासेक वर्षं फिरत फिरत राजारामपुरीपर्यंत आली आहे. गँगस्टरचे पिक्चर त्याआधीही निघत होते, पण आज आपण ज्याला 'डॉन' म्हणतो तो घडला 1972 च्या 'द गॉडफादर'मध्ये. मुलीचं लग्न आहे, बाहेर मांडवात गाणीबजावणी चाललीय आणि आत अंधाऱ्या खोलीत मार्लन ब्रँडो मांडीवर मांजर घेऊन बसलाय. समोर एक बाप गयावया करतोय. ब्रँडो आवाज चढवत नाही, घाईही करत नाही. कॅमेरामन गॉर्डन विलिसनं प्रकाश असा वरून टाकलाय की त्याचे डोळेच नीट दिसत नाहीत. ज्याचे डोळे दिसत नाहीत त्याची भीती वाटते, एवढं साधं गणित. त्यानंतर हिंदीतल्या, दक्षिणेतल्या, मराठीतल्या कितीतरी भाईंनी तीच खुर्ची, तोच अंधार आणि तोच हळू आवाज उसना घेतला.

आता डिस्नेचा 2016 चा 'झूटोपिया' आठवा. सशीण पोलीस ज्यूडी आणि लबाड कोल्हा निक यांना उचलून एका अंधाऱ्या खोलीत आणतात. मिस्टर बिग नावाच्या डॉनसमोर त्यांचा फैसला व्हायचा असतो. दारातून एक धिप्पाड पांढरं अस्वल येतं. हाच का मिस्टर बिग? नाही. त्याच्यामागून आणखी मोठं येतं. हाही नाही. शेवटी सगळ्यात अवाढव्य अस्वल येतं, पुढं होतं, पंजे उघडतं, तर पंज्यात एक इवलीशी खुर्ची आणि खुर्चीत कोट, बो टाय घालून बसलेली चिचुंद्री! तिच्या मुलीचंही आजच लग्न आहे. निक पुढं होऊन तिच्या बोटातल्या अंगठीचं चुंबन घेतो. चिचुंद्री घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द चघळत, आदर आणि विश्वासघात यांवर बोलते. आणि हुकूम सोडते की यांना बर्फात घाला.

थिएटरमध्ये काय, मोबाईलवर काय, इथं सगळे फुटतात. का बरं? खोली गॉडफादरचीच आहे. अंधार तोच, लग्न तेच, आवाजाची ढब तीच. इतकंच काय, धमकीसुद्धा खरी आहे, जमिनीतलं झाकण उघडतं आणि खाली गोठलेलं पाणी दिसतं. बदललंय फक्त माप. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि एकच गोष्ट वीतभर करून टाकायची. मराठीत हे आपल्याला नवीन नाही. आचार्य अत्र्यांनी 1925 मध्ये 'झेंडूची फुले'त हेच केलं होतं. थोर कवींचं वृत्त आणि थाट कायम ठेवला, विषय मात्र क्षुल्लक घेतला. विडंबन म्हणजे नुसती टवाळी नव्हे. ज्याची टवाळी करायची त्याची नक्कल आधी नीट जमावी लागते, नाहीतर तो फक्त दंगा होतो. (मराठी कॉमेडी शोंमधली निम्मी 'स्पूफ' मला दंगा वाटतात. साडी नेसलेला पुरुष आणला की विडंबन झालं, असं कुणीतरी ठरवून टाकलंय.)

इथपर्यंत सगळे मान्य करतील. पुढं मी जे म्हणणार आहे त्यावर आमच्या वर्गात वाद झालाय, तेव्हा तुम्हीही घाला.

माझं म्हणणं असं की, डॉनच्या नशेवर गंभीर क्राइम पिक्चरपेक्षा कार्टूनचा उतारा जास्त चालतो.

तुम्ही म्हणाल, गंभीर पिक्चर तर भाईगिरीच्या विरोधातच असतात की! असतात. 'सत्या' (1998), 'वास्तव' (1999), आपला प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' (2018), तिन्ही घ्या. तिन्ही पिक्चर भाईला शेवटी मातीत घालतात. 'वास्तव'मध्ये तर रघूला त्याची आईच गोळी घालते. रीमा लागूंचा तो चेहरा बघून पोटात कालवतं. 'मुळशी पॅटर्न' तर जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट आहे. तो भाई का झाला, कुणामुळं झाला आणि कसा संपला, हे पिक्चर घसा कोरडा करून सांगतो. एवढं करूनही आपल्या लक्षात काय राहतं? समुद्राकडं तोंड करून मुंबईचा राजा कोण म्हणून ओरडणारा भिकू म्हात्रे. गळ्यातली पन्नास तोळ्यांची चेन दाखवणारा रघू. आणि 'मुळशी पॅटर्न'मधलं आजही वरातीत डीजेवर वाजणारं गाणं. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना त्या पोराच्या बापाचं नाव आठवतं?

यात पिक्चर काढणाऱ्यांची बेइमानी आहे असं मला वाटत नाही. घोळ असा आहे की या पिक्चरचा धडा असतो शेवटी आणि थाट असतो मध्यात. थिएटरात अडीच तास बसणाऱ्याला दोन्ही मिळतं. रीलला मात्र शेवट नसतो. पंधरा सेकंदांत आई गोळी झाडत नाही, चेनच चमकते. आपली पिढी हे पिक्चर बघते ती तुकड्यांत, आणि तुकडे करणारा नेमका मधला तुकडा उचलतो. म्हणजे दिग्दर्शकानं विष दाखवून खाली औषध लिहिलं होतं, आपण विषाचा फोटो काढून औषध कापून टाकलं.

कार्टून मात्र थाटावरच घाव घालतं, तेही मधोमध. मिस्टर बिगच्या दृश्याचे पंधरा सेकंद कुठूनही कापा, चिचुंद्री चिचुंद्रीच राहते. तिला शेवटी मारावं लागत नाही, धडा शिकवावा लागत नाही. आणि एकदा ती डोक्यात बसली की मूळ पिक्चरही आधीसारखा राहत नाही. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी 'झूटोपिया' आधी पाहिला आणि 'गॉडफादर' नंतर, कॉलेजला आल्यावर, 'बघायला पाहिजे' म्हणून. ब्रँडो हात पुढं करतो आणि अंगठी दिसते तेव्हा आपल्याला धाक वाटायच्या ऐवजी आधी हसू येतं. सिनेमाच्या अभ्यासकांना हे वाईट वाटेल, वाटू दे.

हेच जिवंत नटाकडून का होत नाही, हाही प्रश्न आहेच. होतं, पण अर्धवट. नट कितीही वेडेवाकडे चाळे करू दे, त्याची उंची, खांदे, चेहऱ्याचं वजन त्याच्यासोबत पडद्यावर येतंच. एखादा देखणा हिरो डॉनची नक्कल करायला लागला की आपण हसता हसता त्याची हेअरस्टाईलही बघून ठेवतो. अ‍ॅनिमेशनमध्ये फुकट काहीच येत नाही. सगळं काढावं लागतं, म्हणून काय काढायचं नाही हेही ठरवता येतं. डॉनला खांदे द्यायचेच नाहीत असं ठरवलं की संपला विषय.

या धंद्यातली एक मजेशीर साखळी सांगते. 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेत ऑक्टोबर 1991 मध्ये एक भाग आला होता, 'बार्ट द मर्डरर'. दहा वर्षांचा बार्ट चुकून माफियांच्या अड्ड्यावर जाऊन पडतो आणि तिथं दारूचे ग्लास भरायच्या कामाला लागतो. तिथला म्होरक्या फॅट टोनी. त्याला आवाज दिलाय जो मँटेन्यानं, आणि हाच मँटेन्या जेमतेम वर्षभरापूर्वी खऱ्या 'गॉडफादर'च्या तिसऱ्या भागात गुंड म्हणून झळकला होता. म्हणजे थाटात मिरवलेल्या माणसानंच थाटाची टोपी उडवली. आणि त्या भागाचा दिग्दर्शक कोण? रिच मूर. पुढं पंचवीस वर्षांनी 'झूटोपिया'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक तोच.

त्या भागात माझा सगळ्यात आवडता प्रसंग हाणामारीचा नाही. बार्टला शंका येते की हे चोरीबिरीचं प्रकरण चुकीचं तर नाही ना. फॅट टोनी त्याला प्रेमानं समजावतो. घरचे उपाशी असताना एक पाव चोरला तर चूक का? नाही. घर मोठं असेल आणि ट्रकभर पाव चोरला तर? घरच्यांना पाव आवडत नसेल, सिगारेट आवडत असेल तर? आणि त्या फुकट वाटण्याऐवजी थोड्या स्वस्तात विकल्या तर? एकेक पायरी अशी गोड की आपणही मान डोलावतो आणि मग दचकतो. 'गरिबीनं मला गुंड केलं' हे वाक्य शंभर पिक्चरमध्ये डोळ्यांत पाणी आणून म्हटलेलं असतं. इथं त्याच वाक्याला अर्ध्या मिनिटात उघडं पाडलंय. आणि शेवटी काय होतं, तर या सगळ्या भानगडीवर टीव्हीवाले एक सिनेमा काढतात! 1991 मध्येच यांनी ओळखलं होतं की गुन्हा घडला की त्याचा ड्रामा होणारच.

अमेरिकेचंच कशाला, आपल्या लहानपणीचा डॉन आठवा. 2012 पासून निकलोडियनवर 'मोटू पतलू' लागतं. त्यातला जॉन. सोबत दोन चेले, एकाचं नाव नंबर वन, दुसऱ्याचं नंबर टू. जॉनची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो डॉन नाहीच, त्याला डॉन व्हायचंय. इतकी वर्षं झाली, अजून व्हायचंयच. यमक जुळवत तो स्वतःची जाहिरात करत राहतो आणि दर भागात मार खातो. त्याच मालिकेतला इन्स्पेक्टर चिंगमही स्टाईल मारतो, हवेत गोळी झाडतो आणि नारळ त्याच्याच डोक्यात पडतो. भाई आणि फौजदार दोघांनाही एकाच तागडीत तोलणारी ही गंमत मला 'लिटल सिंघम'पेक्षा किती तरी शहाणी वाटते. 'लिटल सिंघम'मध्ये वर्दीला हसायची सोयच नाही. पहिली-दुसरीतली पोरं जॉनला बघून खिदळतात. मग तीच पोरं अठराव्या वर्षी जॉन व्हायला का निघतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. मधल्या दहा वर्षांत आपण कार्टून सोडतो आणि रील धरतो, एवढं दिसतंय.

आणि मराठी म्हणाल तर आपला तात्या विंचू आहेच! महेश कोठारेंचा 'झपाटलेला', 1993. कल्पनेचं मूळ हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'त आहे हे खरं, पण तात्या अस्सल आपला. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला नामचीन गुंड, पोलिसांच्या गोळीनं मरता मरता मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा जाऊन बसतो कशात, तर बोलक्या बाहुल्यात. रामदास पाध्यांचा तो बाहुला. सगळी मस्ती शाबूत, आवाज शाबूत, बदल्याची आग शाबूत आणि उंची मात्र गुडघ्याएवढी. मिस्टर बिगच्या तेवीस वर्षं आधी मराठीनं डॉनला वीतभर करून दाखवला होता. लहानपणी आपण त्याला घाबरलो, थोडे मोठे झाल्यावर हसलो आणि आता त्याचे मीम करतो. भीतीचं हसू व्हायचा हा प्रवास फार थोड्या व्हिलनना नशिबी येतो.

त्याच्याही मागं गेलात तर तमाशाच्या वगात राजा आणि कोतवाल दुसरं काय करायचे? वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके हवालदार होऊन उभे राहिले की सगळी सत्ता केविलवाणी दिसायची. सत्तेची टोपी उडवायचं काम सोंगाड्याचं, आणि सोंगाड्या उभा असतो प्रेक्षकांच्या बाजूला.

ही बाजू कुठली, याला महत्त्व आहे. कारण भाईला हास्यास्पद करायचा आणखी एक प्रकार हल्ली जोरात आहे. 2025 मध्ये नाशिक पोलिसांनी धरलेल्या गुंडांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं वदवून घेतलं आणि ते व्हिडीओ महाराष्ट्रभर फिरले. काल गुरगुरणारा आज हात जोडून घोषणा देतोय. आपण सगळ्यांनी शेअर केलं, मीही केलं. लोक सुखावले, ते समजण्यासारखं आहे. पण याला मी विडंबन म्हणणार नाही. तिथं हसण्याच्या मागं काठी आहे. शिवाय हात जोडलेला माणूस बघून बघणाऱ्या पोराच्या डोक्यातला थाट मोडत नाही, थाट फक्त या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जातो. आता तो ऑफिसरच्या स्लो मोशन एंट्रीचं स्टेटस ठेवेल. चिचुंद्री खुर्चीचीच गंमत करते, म्हणून तिथं नंतर कुणीही बसलं तरी हसू येतं.

वर्गात मला एक तिरका प्रश्न आला होता, तो टाळत नाही. कार्टूनमुळं डॉन क्यूट होत नाही का? मिस्टर बिगची खेळणी मिळतात, फॅट टोनी लोकांना आवडतो. होय, होतो क्यूट. पण मला क्यूट डॉन चालेल. कुणीही क्यूट व्हायला म्हणून कोयता घेऊन फिरत नाही. केक तलवारीनं कापला म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या राज्यभरातून येतात, त्या पोरांना कुणी घाबरावं असं वाटत होतं, गोंडस म्हणावं असं नव्हे. दुसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. मुलाची जमीन का गेली, पैसा कुठं गेला, पुढारी त्याला कसा वापरतो, हे कार्टून सांगत नाही. त्यासाठी 'मुळशी पॅटर्न'च लागतो. विडंबन हे मूळ पिक्चरच्या पाठीवर बसून चालतं. मूळच नसेल तर चिचुंद्री नुसती चिचुंद्री.

आणि आपल्या कोल्हापूरकरांसाठी तिसरी एक भानगड आहे. 2004 मध्ये 'शार्क टेल' आला. शार्क माशांची माफिया टोळी, म्होरक्याला आवाज रॉबर्ट डी निरोचा, आणि चक्क मार्टिन स्कॉर्सेसीनंही एका माशाला आवाज दिलेला. तेव्हा अमेरिकेतल्या इटालियन लोकांच्या संघटनांनी तक्रार केली होती की गुंड म्हटलं की आमचीच बोली का? आता तुम्हीच सांगा, मराठी मालिकेत राडा करणारा, दम देणारा माणूस आला की तो कुठल्या टोनमध्ये बोलतो? आपल्याच. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादानं जरा तरी तोल सावरला, पहिलवान असून तो लाजरा आणि साधा होता. एरवी पुण्या-मुंबईच्या लेखकाला रांगडा गुंड पाहिजे असला की कोल्हापुरी वळण वापरायला मिळतं. म्हणून विडंबन बाहेरच्यानं केलं तर हसू बोलीचं होतं. ते घरच्यानं करायला पाहिजे, ज्याला बोलीत हसण्यासारखं काही दिसत नाही आणि फ्लेक्समध्ये दिसतं.

साहित्य तर चौकाचौकात पडलंय! ताकद मोजायला आपल्याकडं खासबाग आहे, जिथं माती अंगाला लागल्याशिवाय कुणी कुणाला मोठं म्हणत नाही. आणि त्याच गावात वीस फुटी फ्लेक्सवर नुसत्या गॉगलच्या जोरावर 'किंग' होता येतं. ही विसंगती तयार कार्टून आहे. ब्लेंडर फुकट डाउनलोड होतं, लॅपटॉप निम्म्या वर्गाकडं आहेत, अ‍ॅनिमेशनचे कोर्स गावात चालतात, आवाज द्यायला पेठेतली कुठलीही दोन पोरं बसवा, स्क्रिप्ट लागणार नाही.

मी सुरुवात करून देते, पुढचं तुम्ही काढा. पात्र: चिमणा भाई. जात चिमणीची, वय वर्षं एक. वाढदिवस आहे. मागं आठ रेडे हात बांधून उभे. अंधाऱ्या टपरीत, मांडीवर मांजर घेऊन... नको, चिमणीच्या मांडीवर मांजर जमायचं नाही, मांजराच्या मांडीवर भाई बसू दे. भाई हळू आवाजात बोलतो, रेडे माना डोलावतात. फ्लेक्स ठरलाय वीस बाय दहा, फोटोत भाई शोधायला भिंग लागतंय. आणि समोर फ्लेक्सवाला उभा आहे, त्याला ना अंधाराचं काही वाटतंय ना रेड्यांचं. तो एवढंच विचारतोय, "भावा, मागच्या वर्षीचे बाकीचे कधी देतोस?"